जगलेलं नाव

१४ जून १९९६

आज परिषदेला अर्ज रवाना केला. पोस्टमास्तरांनी पाकीट हातात तोलून विचारलं, मुंबईला काय पाठवता एवढं? मी म्हटलं, स्वतःलाच. त्यांना काही कळलं नाही, आणि बोलून झाल्यावर मलाही ते जरा जास्तच वाटलं. पण आहे तसंच. बी.ए.एम.एस.ची पदवी हातात असली तरी वैद्यक परिषदेत नाव चढून नंबर येईपर्यंत मी कुणाला साधी गोळीही लिहून द्यायची नाही. आमच्या भागात हा नियम पाळणारे किती, ते विचारू नये. मी पाळणार.

परतताना निजामोद्दीन डॉक्टरसाहेबांकडे गेले. कुंभार पिंपळगावात त्यांचा दवाखाना माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. दिवाळीनंतर ते मुलाकडे औरंगाबादला राहायला जाणार. दोन्ही खोल्या, तपासायचं टेबल, कपाट, सगळं मला भाड्यानं द्यायला तयार आहेत. अट एकच.

"खुर्ची तुमचीच, बेटी. पर पहिले नंबर आना. बिनानंबरचा मानूस या खुर्चीवर बसला न्हाई आन् बसनार बी न्हाई."

त्या खोल्यांवर मच्छिंद्रचाही डोळा आहे. मच्छिंद्र अंबडला औषधाच्या दुकानात कामाला होता. आता लुनावर पिशवी अडकवून गावोगाव सुया टोचत फिरतो. लोक त्यालाही डॉक्टरच म्हणतात.

वस्तीवर आले तर शेजारची साळूबाई आईजवळ बसली होती. म्हणाली, "केशर, डॉक्टरीन झाली की गं तुझी पोर." आई म्हणाली, "कशाची डॉक्टरीन. कशीबशी पास झाली." मी प्रथम श्रेणीत पास झाले, हे आईला चांगलं माहीत आहे. दहावीलाही ती हेच म्हणाली होती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नाही, पण आईला त्याचं काही वाटतं असं आजवर दिसलेलं नाही.

२ जुलै

मच्छिंद्र येऊन गेला. ताई ताई करत होता. म्हणे, खोल्या आपण दोघं मिळून घेऊ, बोर्ड तुमचा, सुई माझी, नंबर कधी का येईना, तो बघायला येतं कोण. मी त्याला सांगितलं, मी बघते. तो हसला. जाताना म्हणाला, "पेशंट काय नंबर बघून मरतंय का, ताई?" उत्तर आता सुचतंय, पण तो गेला.

१९ जुलै

परिषदेचं पत्र आलं. नोंदणी अडली.

इंटर्नशिपच्या वेळची माझी तात्पुरती नोंद 'कडूबाई कारभारी उढाण' या नावानं आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावरही तेच. पदवीवर मात्र 'कुंदाबाई कारभारी उढाण'. ही एकच व्यक्ती असल्याचा पुरावा पाठवावा, अथवा पदवी दुरुस्त करून आणावी.

पदवी काढून पाहिली. खरंच कुंदाबाई. ती घेतली तेव्हा मी श्रेणी पाहिली, शिक्का पाहिला, सही पाहिली. नाव वाचलंच नाही. खरं म्हणजे माझं नाव डोळ्यांसमोर आलं की त्यावरून पुढे सरकायची मला सवयच आहे.

इथं लिहायला हरकत नाही. माझ्याआधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली. म्हणून मी झाले तेव्हा मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. साळूबाईनं उचललं. मग आईनं मूठभर कोंडा देऊन मला तिच्याकडून विकत घेतलं आणि नाव ठेवलं कडूबाई, म्हणजे न्यायला येणाऱ्यालाही नकोशी वाटावी. साळूबाई अजून चिडवते, "माझी पोर हायेस तू, कोंड्याला इकली." कॉलेजात मुली मला काढा म्हणायच्या. हजेरीला नाव आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी तोंड वाकडं करून घोट गिळल्याचा आवाज काढायचं. मी पण हसायचे. दुसरं काय करणार?

कुंदाबाई. दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

२२ जुलै

औरंगाबादला कॉलेजात जाऊन आले. पदव्यांची यादी करणारे बद्रीनाथराव रजेवर होते. त्यांच्या शेजारच्या बाईंनी दोन रस्ते सांगितले. एक, विद्यापीठाकडून पदवी दुरुस्त करून घेणं. त्याला कितीही महिने लागू शकतात. दुसरा, राजपत्रात नाव बदलून कुंदाच होऊन जाणं. त्या म्हणाल्या, "दुसरा सोपा. आणि नावही बरं आहे."

बसमध्ये खिडकीशी बसून अंबड येईपर्यंत माझं ठरलं होतं. ही चूक नाहीच. कुणीतरी न मागता माझ्या पदरात चांगलं घातलं आहे. आणि एकविसावं शतक आलं तोंडावर, डॉक्टरच कडूबाई म्हणवून घेऊ लागली तर अंधश्रद्धेवर बोलायचं कुणी?

घरी सांगितलं. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, तुला बरं वाटंल तसं कर. आई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, "कुंदा म्हंजी काय?"

"फूल असतं आई, पांढरं. नाजूक."

तव्यावरची भाकरी करपली. आईची भाकरी करपलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तिचं डोळ्यांचं एकदा बघायला हवं.

५ ऑगस्ट

प्रतिज्ञापत्र करायला जालन्याला गेले. आई बरोबर आली. म्हणे बांगड्या घ्यायच्या आहेत. नवीन जालन्यात स्टेशनकडच्या रस्त्यानं मोटारसायकली अंगावर येतात, तर तिनं माझं मनगट धरलं ते कोर्टापर्यंत सोडलं नाही. समोरून कॉलेजची पोरं येत होती. मला फार लाज वाटली. टायपिस्टनं कागद यंत्रातून काढून देताना म्हटलं, बरं केलंत बदललं ते. आई त्याच्याकडे बघत राहिली. बांगड्या तिनं घेतल्याच नाहीत. मी आठवण केली तर म्हणाली, रंग न्हाई चांगले.

१४ ऑगस्ट

सही राहिली होती म्हणून पुन्हा जालना. आई पुन्हा बरोबर. आज गुडघे दाखवायचे होते. दाखवले नाहीत. दादा हसत म्हणाले, "तुझ्या मायला जालन्याचं याड लागून राह्यलं." निघताना तिनं माझ्या कानामागे काजळाचं बोट लावलं. वय वर्षे चोवीस! बसमध्ये रुमालानं पुसून टाकलं. तिनं पाहिलं, पण रागावली नाही. नुसतं बाहेर बघत बसली.

आता फक्त अर्ज औरंगाबादला शासकीय छापखान्यात द्यायचा राहिला. पोळा झाला की जाईन.

२८ ऑगस्ट

निजामोद्दीन साहेबांनी विचारलं, बोर्डावर काय लिहायचं. मी सांगितलं, डॉ. कुंदा उढाण. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "आमचं नाव बघा. अठ्ठेचाळीस साली निजाम गेला, नाव आमच्याकडं ऱ्हायलं. दोस्त म्हनले, बदलून टाका, उगाच कशाला तकलीफ. मंग मी म्हनलो, अब्बांनी ठेवलंय, त्यास्नी इचारा. ते तर कबरीत." आणि स्वतःच खूप हसले. त्यांना नक्की काय सुचवायचं होतं ते मला समजलं नाही. बहुतेक एवढंच, की त्यांना माझा उशीर आवडलेला नाही.

मच्छिंद्र त्यांना आगाऊ भाडं द्यायला आला होता म्हणे. त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. पण दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या ठेवणं त्यांना परवडणार नाही, हेही त्यांनी मला सरळ सांगितलं.

९ सप्टेंबर

आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे.

दुपारी कुंभारवाड्यातली शिवकन्या वस्तीवर आली, जवळजवळ पळत. माझ्यापेक्षा लहानच असेल. कडेवर सव्वा वर्षाचं पोर, मान टाकलेलं. कालपासून हगवण. डोळे खोल गेलेले, पोटावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. निजामोद्दीन साहेब औरंगाबादला गेले होते. मी तिला सांगितलं, माझी अजून नोंदणी झालेली नाही, मला औषध देता येत नाही. हे सांगताना मला स्वतःची चीड आली. ती दारातच बसली आणि म्हणाली,

"नोंदनी मला कळत न्हाई, बाई. याच्या आधीचे दोन गेले. याचं नाव कचरू ठेवलंय. समदे म्हनत व्हते मच्छिंद्राकडं जा. मी म्हनलं, न्हाई, कडूबाईकडं जाते. तुमचं जगलेलं नाव हाय."

मी पोर मांडीवर घेतलं. मीठ-साखरेचं पाणी करायला नंबर लागत नाही. ते कुठल्याही आईनं करावं असंच आम्हाला शिकवलं आहे. उकळून थंड केलेलं पाणी घरात होतं. आईनं न सांगता वाटी-चमचा आणला. चमचा चमचा पाजत राहिले. त्यानं आधी ओकून टाकलं, मग एक चमचा पोटात राहिला, मग दुसरा. तेवढ्यात मच्छिंद्रला कुणीतरी वर्दी दिली. तो सलाईनची बाटली घेऊनच आला. म्हणाला, सरका ताई, दोन मिनिटांचं काम आहे. मी सरकले नाही. मी म्हटलं, याला सलाईन लागेल, पण ती तू लावणार नाहीस आणि मीही नाही. ज्यानं याची जबाबदारी कागदावर घेतली आहे तो लावील. मोठ्या आवाजात बोलले असणार, कारण साळूबाई कुंपणापलीकडून उठून आली. मच्छिंद्र म्हणाला, वाटेत काही झालं तर? मी म्हटलं, वाटेत मी आहे.

दादांनी चौकातून जीप आणली. शिवकन्या, तिचं पोर, मी, आणि अर्थातच आई. अंबडच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत मी पाजतच होते. तिथल्या डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. मला विचारलं, पाणी कुणी पाजलं? मी सांगितलं. ते म्हणाले, वाटेत हे थांबलं असतं तर सलाईनला शीर सापडली नसती. त्यांनी माझं नाव विचारलं. मी म्हटलं, कडूबाई. असं पटकन, कुठेही न अडखळता, मी ते पहिल्यांदाच सांगितलं असेन.

परत येताना जीपमध्ये आई आणि मी दोघीच मागे होतो. आई बाहेर बघत म्हणाली,

"पैली शेवंता. मंग मोगरा. पोराचं नाव गुलाब ठेवलं व्हतं. समदी फुलांचीच ठेवली गं मी. लई हौस व्हती."

चोवीस वर्षांत ही नावं मी कधी ऐकली नव्हती. घरात 'ती तिघं' एवढंच म्हणायचे.

मी विचारलं, मग तू आधी बोलली का नाहीस? ती म्हणाली, "तू शिकलेली. तुला काय सांगावं. मी आपली तुझ्यासंगं येत व्हते."

मला वाटलं होतं, तिला जालना आवडायला लागलं आहे.

११ सप्टेंबर

कचरू बरा आहे. आईचं दूध ओढतो आहे.

राजपत्राचा अर्ज फाडून टाकला. हे लिहिताना मला स्वतःशी वाद घालावा लागतो आहे. नावानं कुणी मरत नाही की जगत नाही. ती तिघं बहुधा हगवणीनं किंवा न्यूमोनियानं गेली असणार. तेव्हा आसपास कुणी असतं तर वाचली असती. हे मला ठाऊक आहे आणि मी ते आयुष्यभर सांगणार आहे. पण शिवकन्या ज्या नावाकडे पोर घेऊन पळत आली ते नाव मीच पुसून टाकलं, तर पुढची कुणाकडे पळेल? मच्छिंद्रकडे. हिशेब एवढाच आहे.

एवढाच नाही. पण दुसरं मला नीट लिहिता येत नाही.

१८ सप्टेंबर

बद्रीनाथराव भेटले. निवृत्तीला आलेले, सज्जन गृहस्थ. मी पदवी समोर ठेवली तर त्यांनी ओळखलीच. म्हणाले, "हो हो, हे मीच दुरुस्त केलं. टायपिस्टानं कडूबाई मारलं होतं. मी म्हटलं, डॉक्टर मुलीचं नाव असं कसं असेल? कुंदाबाईच असणार." एवढ्या समाधानानं सांगितलं की मला रागावताही येईना. ते नाव खरंच माझं आहे, हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, मी चांगल्यासाठीच केलं हो.

मी म्हटलं, "साहेब, चांगलंच केलं होतं तुम्ही. आता मला परत कडू करून द्या."

आधी ते घाबरून माझ्याकडे बघत राहिले, मग हसले. टोपी घातली आणि स्वतः माझ्याबरोबर विद्यापीठात आले. आईसुद्धा होती. तिला त्यांनी खुर्ची दिली आणि विचारलं, असं नाव का ठेवलंत? आई म्हणाली, "घरात तेवढंच ऱ्हायलं व्हतं." त्यानंतर प्रत्येक टेबलाशी उभं राहून "माझी चूक आहे, माझी" असं तेच सांगत होते.

२ नोव्हेंबर

दुरुस्त पदवी गेल्या महिन्यात मुंबईला पाठवली. अजून काही नाही. दिवाळी आठवड्यावर आली. निजामोद्दीन साहेबांची बायको मदिनाखाला भांडी पोत्यात भरते आहे. मच्छिंद्र रोज त्या रस्त्यानं लुना काढतो. घरी रोज कुणी ना कुणी येतं, तपासा म्हणून. मी पाणी उकळून प्या सांगते, अंबडला पाठवते, आणि लोक नाराज होऊन जातात. एक म्हातारा म्हणाला, एवढी शिकून नुसती पत्ता सांगायला बसली का? आज पहिल्यांदा वाटलं, मच्छिंद्रचंच ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं. लिहिलं आहे तर राहू दे.

१२ नोव्हेंबर

साहेब गेले नाहीत. पोती भरलेली तशीच, मदिनाखाला चिडलेली. मला म्हणाले, "मेरेकू बी औरंगाबादची जल्दी न्हाई. सून मिरची खाऊ देत न्हाई."

२७ नोव्हेंबर

नंबर आला.

कागद घेऊन थेट दवाखान्यात गेले. साहेबांनी चष्मा लावून नाव मोठ्यानं वाचलं, पूर्ण, दादांच्या नावासकट. मग खुर्चीवर चढून भिंतीवरचं आपलं प्रमाणपत्र उतरवलं. त्याच्या मागे भिंतीचा चौकोन पांढराशुभ्र राहिला होता. म्हणाले, त्याच खिळ्याला लावा, मजबूत आहे. चावी दिली. मदिनाखालानं खाली ठेवलेली त्यांची फ्रेम पदरानं पुसली आणि पोत्यात न घालता हातात घेतली.

घरी येताना बोर्डवाल्याकडे गेले. तो म्हणाला, डॉ. के. के. उढाण करू का, सुटसुटीत दिसेल. मी म्हटलं, पूर्ण लिहा. मोठ्या अक्षरात.

५ डिसेंबर

आज दवाखाना उघडला.

सकाळी निघाले तर आई नेहमीसारखी चप्पल घालून तयार. कुंपणापर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, "जा तू. मला कापूस येचायचाय." मी दोनदा मागे पाहिलं. दोन्ही वेळा ती कापूस वेचत नव्हती, कुंपणाशीच उभी होती. पण आली नाही. कानामागचं काजळ मी पुसलं नाही.

दुपारी मात्र साळूबाईला घेऊन आलीच, पेढे वाटायला. साळूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, डॉक्टरीन माझी पोर हाय, उकिरड्यावरून म्याच उचलली. आई म्हणत होती, कशाची डॉक्टरीन, कशीबशी पास झाली.

तेवढ्यात शिवकन्या आली. कचरूला सर्दी होती, बाकी काही नाही. तीन महिन्यांत पोर असं काही भरलं आहे की ओळखू येत नव्हतं. गाल, दंडाला वळ्या, नजर लागावी असं. वजन केलं आणि मला इतका आनंद झाला की कौतुकाचे शब्द अगदी जिभेवर आले होते.

शिवकन्या माझ्या तोंडाकडे बघत होती. दारातून आईही बघत होती.

मी म्हटलं, "काय गं हे, किती बारकुळं राह्यलंय अजून. रंगानंही काळंच."

शिवकन्येच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तिनं पोराला छातीशी धरलं. आईनं पेढ्याचा डबा साळूबाईच्या हातात दिला आणि डोळ्यांना पदर लावला.

वजन मात्र मी कार्डावर खरं ते लिहिलं, आणि खाली सही केली. पूर्ण नावानं.